मुक्ताबाईंचा ओढा आणि पत्र्याचं इंजिन

मी वीतभर लांबीचं, पत्र्याचं, एक जुनं इंजिन आहे. माझ्या धुराड्याला पोचा आलाय, डाव्या अंगाचा हिरवा रंग उडालाय. पण मित्रांनो, एकदा रुळावर ठेवून तर बघा! अजूनही असा पळतो, की बघणाऱ्याच्या हातातला चहा निवून जातो.

माझा जन्म सिकंदराबादच्या एका लहानशा कारखान्यात झाला. परळी वैजनाथच्या स्टेशनावर सांधेवाल्याची नोकरी करणारे तात्याबा सरवदे एकदा तिथे आले. त्यांनी मला उलटं धरून पितळी चाकं फिरवली, कानाशी नेऊन आवाज ऐकला. ते स्वतःशीच हसले आणि मला घरी घेऊन आले. दिवसभर खऱ्या गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारा हा माणूस घरी आल्यावर खेळण्यातल्या गाड्यांचे सांधे बदलत बसायचा! त्यांच्याकडे आम्ही अकरा इंजिनं होतो. कुणी चावीवर, कुणी सेलवर चालायचं. बारा व्होल्टवर पळणारा मी एकटाच. दर रविवारी ते शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब आम्हाला द्यायचे.

निवृत्त झाल्यावर तात्याबा आष्टी तालुक्यातल्या, कडा गावाजवळच्या आपल्या गावी परतले. तेव्हा सलग तिसऱ्या वर्षी दुष्काळ पडला होता. जनावरं चारा छावणीत गेली होती आणि सहकारी दूध संस्थेच्या मोठ्या खोलीत रिकामे कॅन उपडे पडले होते.

संस्थेचे चेअरमन सर्जेराव म्हणाले, “दूधच न्हाई, तर खोली कुलपात ठेवून काय करायचं? मांडा तुमची गाडी, तात्याबा. पोरंसोरं तरी हसतील.”

त्याच दिवसांत नव्या रेल्वेमार्गाची मोजणी गावातून गेली होती. शेतांमधून पांढरे रंगवलेले दगड रोवले होते. तात्याबांनी ठरवलं, खरी गाडी येईल तेव्हा येईल, आपण आपलं गाव आणि त्यातून जाणारी आगगाडी आत्ताच उभी करायची! ग्रामपंचायतीत आलेला नकाशा त्यांनी उतरवून घेतला. मग काय विचारता! कोरड्या तळ्यातला गाळ आला, त्याचे डोंगर झाले. उसाच्या चिपाडाची शेतं झाली. खराट्याच्या काड्यांचे विजेचे खांब उभे राहिले. लांबच लांब मातीचा भराव घातला आणि त्यावर माझे रूळ बसले. गावात वीज टिकत नव्हती, म्हणून सर्जेरावांनी स्वतःच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली.

तारा जोडल्या. माझ्या पोटात झिणझिण्या आल्या आणि मी निघालो! चार डबे मागे घेऊन भरावावरून सुसाट! टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा. खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. परळीच्या घरात मला एकटे तात्याबा बघायचे. इथे अख्खं गाव बघत होतं.

तेवढ्यात मागून एक बाई पुढे आल्या. त्या मुक्ताबाई. मेंढ्या राखण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि इथला दगडन्‌दगड त्यांच्या पायाखालचा होता. मांडणीकडे बघून त्या म्हणाल्या, “लई झ्याक केलंय. पर वढा कुठंय?”

“कुठला ओढा, बाई?” तात्याबांनी विचारलं. “नकाशात तर तिथं गाडीवाट दाखवलीय.”

“वाट न्हाई ती. वढाच हाय. आटलाय म्हनून वाटंवानी दिसतोय.”

“अवो, तीन वर्सं झाली, टिपूस न्हाई वाहिला त्यातनं,” सर्जेराव म्हणाले.

“मी ल्हान व्हते तवा त्यानं आमच्या सात मेंढ्या नेल्यात. तुमी भराव घालून त्याचं तोंडच बुजवलंय. त्यो जाईल कुठनं?”

तात्याबांचं हसू मावळलं. खऱ्या नकाशातही तिथे भरावाखालून पाणी जायला मोरी नव्हती. सलग भराव होता, आणि त्याच्या वरच्या अंगाला शाळा आणि पन्नास घरं.

दोनच दिवसांनी रेल्वेचे इंजिनियर साहेब गावात येणार होते. त्या दोन दिवसांत मुक्ताबाईंनी पदर खोचला आणि डोंगरांची माती स्वतःच्या हातांनी पुन्हा बसवली. “हितं उंच. हितं बसकट. हितं पानी वळतंय.” तात्याबा शेजारी बसून खुणेच्या टाचण्या रोवत होते. मी भरावावर उभा राहून सगळं बघत होतो आणि माझा जीव नुसता उतावीळ झाला होता.

साहेब आले. कौतुकाने मला पळताना बघितलं. मग मुक्ताबाई पुढे झाल्या. त्यांच्या हातात पाण्याने भरलेला तांब्या होता. टँकरचं पाणी! खोलीतल्या बायांनी श्वासच रोखले.

“बाई, सांडू नका!” कुणीतरी ओरडलं.

“माझ्या वाट्याचं हाय,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी तो तांब्या डोंगरमाथ्यावर ओतला.

मित्रांनो, काय सांगू! पाणी खळाळत उतरलं, मुक्ताबाईंनी बोटाने दाखवलेल्या जागी वळलं आणि थेट भरावाला येऊन थटलं. तिथून मागे फिरलं. काडेपेट्यांची घरं तरंगू लागली. पुठ्ठ्याची शाळा आडवी झाली. आणि नेमका त्याच क्षणी मी डबे घेऊन तिथे पोचलो! माझ्याखालची माती खचली, रूळ वाकला आणि मी धाडकन पाण्यात पडलो. पोटात ठिणगी उडाली, जळका वास आला. मी बंद पडलो.

साहेबांनी बूट काढले, चिखलात गुडघे टेकले आणि पिशवीतला नकाशा उलगडला.

“मुक्ताबाई, पुन्हा एकदा दाखवा,” ते म्हणाले. “कुठून येतो आणि कुठून जातो?”

दुसऱ्या दिवशी ते मुक्ताबाईंबरोबर डोंगरावर चढले. फेरमोजणी झाली आणि नव्या नकाशात त्या जागी मोरी आली.

मला मात्र तात्याबांनी रुमालात गुंडाळून आष्टीला नेलं. तिथले धुळाजी विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे. विहिरीच कोरड्या, त्यामुळे त्यांचं दुकान ओस पडलं होतं. मला बघून ते म्हणाले, “एवढीशी मोटार? जन्मात भरली न्हाई बे! आन हिकडं!” केसासारखी तार घेऊन, डोळ्याला भिंग लावून त्यांनी तीन दिवस खपून माझं वेटोळं गुंडाळलं. मी पुन्हा गुणगुणलो, तेव्हा ते शेजारच्या दुकानदारांना हाका मारत रस्त्यावर पळाले!

पुढे बरीच वर्षं गेली. संस्थेचं दूध पुन्हा वाढलं, खोली भरली, आमची मांडणी मोडली. तात्याबा गेले. मी संस्थेच्या कपाटात धूळ खात पडलो आणि माझी चाकं जाम झाली. पण खऱ्या भरावात मोरी बांधून झाली आणि तिच्यातून ओढा दोनदा दुथडी वाहून गेला. शाळेची पायरीसुद्धा भिजली नाही.

मग एके दिवशी खरी गाडी आली! मुक्ताबाई आता पार वाकल्या आहेत. कपाट उघडायला लावून त्यांनी मला बाहेर काढलं, पदराने पुसलं, जाम चाकांना तेल दिलं आणि मोरीच्या कठड्यापाशी नेलं. ते प्रचंड इंजिन भोंगा वाजवत आलं. कठडा थरथरला आणि त्यांच्या हातात मीही. “बघ,” त्या माझ्या कानाशी ओरडल्या, “तू बुडलास म्हनून ही कोरडी चाललीय!”

मित्रांनो, तुमच्या घरी कपाटात कुणी इंजिन कोंडलेलं असेल, तर त्याला बाहेर काढा. दोन थेंब तेल द्या आणि रुळावर सोडा. आम्हाला जपणं म्हणजे कुलपात ठेवणं नव्हे. आणि तुम्ही गाव मांडाल, तेव्हा ते आधी गावातल्या जाणत्या बाईला दाखवा. ती चूक काढेल. काढू द्या. त्यासाठी मी पुन्हा एकदा पाण्यात पडायला तयार आहे!