काही संबंध नाही

“या अर्जदाराशी कुणाचा काही संबंध? असेल त्यानं बाहेर बसावं,” अध्यक्ष म्हणाले.

उपग्रहावरची क्ष-किरण दुर्बीण कुणाला किती वेळ द्यायची, हे ठरवणारी ती समिती. समोर तिच्या जुन्या सरांचा अर्ज होता.

“तुम्ही त्यांच्या हाताखालीच होतात ना?” शेजारच्यानं तिला विचारलं.

“होते. पण त्यांच्या एकाही लेखावर माझं नाव नाही. हवं तर बघा.”

त्यानं बघितलं. खरंच नव्हतं.

दोन अजस्र तारे एकमेकांभोवती फिरतात. दोघांच्याही अंगातून वायूचे सोसाट्याचे वारे सुटतात, आणि ते जिथे आदळतात तिथून क्ष-किरण उसळतात. तारे अगदी जवळ आले की हे किरण वाढत जातील आणि एकाएकी विझतील, हे गणित तिचं होतं. सरांनी ते स्वतःच्या नावावर छापलं. वर म्हणाले, “अगं, तुझं लग्न ठरलंय. तुला कशाला हवंय नाव?”

ते तारे वीस वर्षांतून एकदा जवळ येत. आता येणार होते.

आदल्या दिवशी सरांच्या बायकोचा, काकूंचा, फोन आला होता. “त्यांची तब्येत अगदी तोळामासा झालीय गं. एवढं एकदा बघायचंय म्हणतात. तू आहेस म्हणून हिंमत केली.”

शिकत असताना ती तापानं फणफणली, तेव्हा याच काकू तिच्या उशाशी बसल्या होत्या. “बघते हं, काकू,” ती म्हणाली होती.

“यात नवीन काय आहे?” समितीत ती म्हणाली. “सगळं जुनंच उगाळलंय.”

कुणी हरकत घेतली नाही. अर्ज फेटाळला गेला. तिच्या जिवाला थंडावा मिळाला. घरी जाताना ती चक्क गुणगुणत होती.

सरांनी स्वतः फोन केला. “तू असूनही?”

“सर, मी कोण? तुमच्या लेखांत मी कुठे सापडते?”

पलीकडे सर खोकत राहिले.

“बरोबर आलं असतं गं,” ते शेवटी म्हणाले. “तुझं गणित.”

तिनं फोन ठेवून दिला.

तारे जवळ आले त्या दुपारी दुर्बीण आकाशाच्या दुसऱ्याच कोपऱ्याकडे वळलेली होती. तिनं जुन्या मोजमापांचा आलेख उघडला. शेवटच्या ठिपक्यापुढे पडदा कोरा होता. त्यावर तिनं बोट टेकवलं, हळूहळू वर नेलं, आणि एकदम खाली ओढलं.

“मॅडम, येऊ?” दारात विद्यार्थिनी उभी होती.

“ये ना,” ती म्हणाली, आणि काचेवर उमटलेला डाग तिनं बाहीनं पुसून टाकला.