एका चुलीला एक घर

सरकारने नियम काढला होता: एका चुलीला एक स्वस्त घर. भाडी अशी आभाळाला भिडलेली, की दोन भावांची कमाई मिळून ही एक खोली कशीबशी परवडायची. त्यात मालकाने महिनाअखेर तीही रिकामी करायला सांगितली होती. मग एकाऐवजी दोन घरं मिळावीत म्हणून थोरल्या जावेनेच डोकं चालवलं: एकाच खोलीत दोन चुली दाखवायच्या. खोलीच्या मधोमध पडदा टांगला, दुसरी शेगडी आणली, डबे वाटून घेतले. तपासनीस येऊन गेला, की पडदा काढायचा आणि पुन्हा एकाच पातेल्यात चहा टाकायचा. नऊ वर्षं दोघी जावा तसाच पीत आल्या होत्या. खोटं बोलायचं ते सरकारशी, आपसांत थोडंच!

पण थोरलीचा स्वभाव पडला संशयी. कपडे शिवणारी बाई ती. बोटभर कापड कमी पडलं तरी तिच्या जिवाला घोर. चौथ्या दिवशी तिला आपली साखर कमी वाटली आणि मनात पाल चुकचुकली. पडद्यापलीकडे धाकटी नवऱ्याशी हळू आवाजात बोलत होती. एवढं काय कुजबुजायचं? एरवी तर हिचा आवाज रस्त्यापर्यंत जातो! कुठेतरी पाणी मुरत होतं, हे नक्की. थोरलीने शिवणाचा खडू घेतला आणि साखरेच्या बरणीवर पातळीला रेघ मारली. दुसऱ्या दिवशी साखर रेघेच्या खाली. तिने दुसरी रेघ मारली, मग तिसरी. तोंडातून मात्र चकार शब्द काढला नाही. घर पदरात पडेपर्यंत भांडण कशाला?

तपासनीस आला तोच कपाळाला आठ्या घालून.

"बाई, सकाळपासून बारा पडदे बघितले. सगळे कोरे करकरीत. मी काय दूधखुळा आहे?"

त्याने पेन उघडलं.  आता दोन्ही संसार रस्त्यावर!

तेवढ्यात त्याची नजर बरणीवर गेली. "या रेघा कसल्या?"

उत्तराची वाटही न बघता तो पडदा सारून पलीकडे गेला. धाकटीच्या तेलाच्या बाटलीला, बरोबर तेलाच्या पातळीवर, लाल दोरा घट्ट बांधलेला होता.

"हां, आता पटलं," तो हसून म्हणाला. "चुली खरंच वेगळ्या आहेत." दोन्ही अर्जांवर शिक्के मारून तो निघून गेला.

थोरली दोऱ्याकडे बघत राहिली. तिच्याच रिळातला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्यावर पाळत? हिच्या बाळंतपणात मी रात्रीचा दिवस केला, आणि माझ्यावर?

"साखरेवर रेघा कशाला गं मारल्यास?" कोपऱ्यात बसलेला तिचा नवरा ओशाळून म्हणाला. "तू मशीनवर बसलीस की मीच चिमूट चिमूट तोंडात टाकायचो. मला सांगायचंस तरी!"

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकटीला हाक मारावी म्हणून तिने पडद्याला हात घातला. पलीकडून पडद्याची कड कुणीतरी हळूच नीट ओढून घेतली. मग काडी ओढल्याचा आवाज आला, आणि एकाच कपाचा चहा उकळायला लागला.