पाण्याबाहेरचा स्पिनोसॉरस

संग्रहालयाच्या मधल्या दालनात मूर्तिकाराने घडवलेला स्पिनोसॉरस हा डायनोसॉर वीस वर्षं दोन पायांवर उभा होता. पाठीवर पुरुषभर उंचीचं शीड, मगरीसारखा लांब जबडा आणि चेहऱ्यावर बसची वाट पाहणाऱ्या माणसाचा भाव. हा पुतळा साफ चुकलाय, असा अहवाल मूर्तिकाराच्याच मुलीने दिला. ती तिथे हाडांची तज्ज्ञ होती. घरचा भेदी म्हणतात तो हा. संग्रहालयाच्या साहेबांनी खाली शेरा मारला : शुक्रवारी मोडून टाकावा.

सोमवारी मूर्तिकार करवत घेऊन हजर.

"बाबा, घरी जा. तुम्हाला बघवणार नाही."

"तुझा अहवाल वाचून झाला, आता हेही बघवेल. चुकलं कुठे ते सांग."

"त्याची हाडं भरीव होती, बुडी मारता यावी म्हणून. मागचे पाय आखूड. शेपूट वल्ह्यासारखी रुंद. तुम्ही पालीची लावलीत."

"भिंतीवर पालच होती. नमुन्याला स्पिनोसॉरस कुठून आणणार?"

"बाबा, तो नदीत राहायचा. मासे खायचा."

मूर्तिकाराने मान वर करून पुतळ्याकडे पाहिलं. मग पाहुण्याला पाणी विचारायचंच राहून गेल्यासारख्या आवाजात म्हणाला, "आणि मी त्याला वीस वर्षं कोरड्यात उभा केला!"

चार दिवस करवत चालली. पाय आखूड झाले. लाकडी पट्ट्या आणि कापड यांची नवी शेपूट आली. शिडी अर्थातच अहवाल लिहिणारीने धरली. शुक्रवारी दुपारी जनावर साखळ्यांनी छताला टांगलं आणि बापलेक खाली फरशीवर उताणे पडून बघत राहिले.

साहेब हातोडेवाले दोन गडी घेऊन आले. वरच्या काचांतून हिरवट ऊन झिरपत होतं. जनावर सावकाश वळलं, शेपटीने ऊन ढवळलं आणि त्याची सावली फरशीवरून, माणसांवरून ओघळत गेली. एरवी रुमाल अंथरल्याशिवाय कुठे न टेकणारे साहेब मूर्तिकाराशेजारी आडवे झाले. गड्यांनी हातोडे उशाला घेतले.

"नाकपुड्या अजून चार बोटं मागे हव्यात," मुलगी पुटपुटली.

"असू दे. आत्ता त्याने श्वास रोखलाय."

"हळू बोला," साहेब डोळे न हलवता म्हणाले, "मासे पळतील."