इतर : निरंक

आमच्या नाटकमंडळीत पाठांतर कुणी करत नाही. संवाद पाठ करणं म्हणजे मावशीवर अविश्वास दाखवणं, असं शिंपीदादांचं स्वच्छ मत आहे. मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी, मंडळीची प्रॉम्प्टर. गेली तीस वर्षं ती विंगेतल्या तिपाईवर बसते, मांडीवर नाटकाचं पुस्तक आणि हातात पेन्सिल. ती हळू आवाजात वाक्य सांगते आणि आमचे नटसम्राट तेच गरजून प्रेक्षकांना सांगतात. अर्थबिर्थ कुणी बघत नाही. एकदा ऐन प्रवेशात ती माझ्याकडे वळून "अगं, तो पंखा बंद कर" म्हणाली, तर राजा झालेल्या शिंपीदादांनी तलवार उपसली आणि प्रधानाला पंखा बंद करण्याचा हुकूम सोडला. प्रधानानेही मुजरा करून तो बंद केला. टाळ्या पडल्या.

मी पडदा ओढते. पडदा ओढणाऱ्याला दोन्हीकडचं दिसतं, म्हणून ही हकिगत मीच सांगितलेली बरी.

यंदा संस्कृती खात्याने नवं धोरण काढलं. लहान गावांतल्या संस्थांना अनुदान मिळणार, पण आधी अठरा पानांचा अर्ज, आणि मग खात्याचं माणूस येऊन प्रयोग बघणार. आमच्या सभागृहाचं छत तीन ठिकाणी गळतं. नायिकेने कुठे उभं राहून रडायचं ते आम्ही बादल्या बघून ठरवतो. त्यामुळे बातमी कळल्यापासून अध्यक्षांचे पाय जमिनीवर राहीनात. अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरचे औषधवाले. नाटकात ते नेहमी वकील होतात, कारण काळा कोट त्यांच्या मालकीचा आहे.

अर्ज मावशीनेच लिहायला घेतला. तिचं अक्षर मोत्यासारखं. अध्यक्ष सांगत होते, ती उतरवत होती, मी चहा देत होते.

"प्रेक्षक किती लिहू?" मावशीने विचारलं.

"किती येतात?"

"चाळीस. पाऊस असला की पंधरा."

"चारशे लिहा. आणि मुलांसाठी वर्षभर शिबिरं."

"ती कधी घेतली आपण?"

"घेऊ की! पुढे लिहा. 'सर्व कलाकारांना सर्व संवाद मुखोद्गत असतात.'"

मावशीचा हात थांबला. "हेसुद्धा?"

"समजून घ्या ना ताई. प्रॉम्प्टर लागतो म्हटलं की आपल्याला कच्चे समजतील."

शेवटच्या पानावर तळाशी एक रकाना होता, 'इतर सहभागी व्यक्ती'. "इथे माझं नाव बसेल," मावशी म्हणाली. मागत नव्हती ती, नुसतं म्हणाली. अध्यक्षांनी घसा साफ केला. "तिथे निरंक टाका."

निरंक म्हणजे सरकारी भाषेत 'काही नाही'. मावशीने लिहिलं. तेही मोत्यासारख्याच अक्षरात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण हातात गरम किटली होती आणि अध्यक्ष फार जवळ बसले होते, म्हणून मी मुकाट्याने बाहेर गेले. जाताना अध्यक्ष नाटकाचं पुस्तकही घेऊन गेले. प्रयोगाच्या दिवशी मावशीने विंगेत फिरकायचं नाही, पुस्तक दुकानाच्या कपाटात कुलपात राहील. तीन आठवड्यांत सगळे पाठ करतील, म्हणे.

त्या दिवशी मावशीने अर्जाची कच्ची प्रत घडी घालून पर्समध्ये ठेवली. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाली, "तीस वर्षांत मी सांगितलेलं एकही वाक्य माझं नव्हतं गं. पण मी तिथे होते, एवढं तरी होतं." मला रडू आलं. तिला नाही आलं. तिथेच मी ओळखायला हवं होतं.

प्रयोगाच्या संध्याकाळी निरीक्षकबाई वेळेच्या आधी आल्या. काळी छत्री, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर आमचा अर्ज. मावशी तिकीट काढून तिसऱ्या रांगेत बसली, पाहुणीसारखी. प्रेक्षक एक्केचाळीस होते, ते मावशीला धरून.

नाटक कोर्टाचं होतं. शिंपीदादा न्यायाधीश, बेकरीवाला आरोपी, ग्रंथालयातल्या बाई आरोपीची बायको आणि अध्यक्ष सरकारी वकील. मी पडदा उघडला. शिंपीदादांनी हातोडा आपटला, "आरोपी!" म्हणाले, आणि सवयीने विंगेकडे पाहिलं. तिपाईवर माझा चहाचा कप होता. त्यांनी कपाकडे आशेने पाहिलं. कप काही बोलेना. आरोपीने वकिलाकडे पाहिलं, वकिलाने बायकोकडे, बायकोने बादलीकडे. शिंपीदादांनी आणखी तीनदा हातोडा आपटला. शेवटी मलाच त्यांची दया आली आणि मी पडदा ओढला.

अध्यक्ष कोटाचं टोक सावरत तिसऱ्या रांगेपर्यंत धावत गेले. "ताई, अब्रू वाचवा!"

"पुस्तक?" मावशीने शांतपणे विचारलं.

"ते... कपाटात आहे. दुकान बंद आहे."

"बघते काहीतरी," म्हणून ती उठली.

आता एक सांगते. ते नाटक मावशीला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोंडपाठ आहे. भांडी घासताना ती चारही जणांचे संवाद एकटी म्हणते. ती तिपाईवर बसली, चष्मा लावला आणि पर्समधून घडी घातलेले कागद काढले. कागद कसले आहेत ते मी पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पडदा उघडला.

"सदर संस्थेची स्थापना तीस वर्षांपूर्वी झाली," मावशी हळूच म्हणाली.

"सदर संस्थेची स्थापना," शिंपीदादा गरजले, "तीस वर्षांपूर्वी झाली!" आणि हातोडा आपटला. त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही सुटका होती की मला हसू आवरेना.

बेकरीवाल्याने बेड्या घातलेले हात वर केले. "आमच्या प्रत्येक प्रयोगाला सरासरी चारशे प्रेक्षक उपस्थित असतात!" तो हुंदका देऊन म्हणाला. एक्केचाळिसातले चाळीस जण एकमेकांकडे बघायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "बाकीचे कुठे उतरलेत?"

ग्रंथालयातल्या बाई नवऱ्याच्या पायाशी कोसळल्या. "मुलांसाठी वर्षभर शिबिरं घेतली जातात हो!" पहिल्या रांगेतल्या एका आईने पोराला विचारलं, "तू जातोस का रे?" पोरगं म्हणालं, "कुठे?" सभागृह खदखदायला लागलं. निरीक्षकबाई मात्र हसत नव्हत्या. त्या अर्जावर बोट ठेवून ओळ न् ओळ ताडून बघत होत्या आणि स्टेजवर पान संपलं की आपलंही पान उलटत होत्या.

स्टेजवर एकट्या अध्यक्षांना काय चाललंय ते कळलं होतं. त्यांना दरदरून घाम फुटला. पण करतात काय? मावशीचा आवाज आला की तोंड आपोआप उघडायचं. तीस वर्षांची सवय. त्यांनी एक हात छातीवर ठेवला, दुसरा प्रेक्षकांकडे पसरला आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, "सर्व कलाकारांना... सर्व संवाद... मुखोद्गत असतात!"

छत गळायचं थांबलं असेल, एवढा हशा झाला.

निकाल द्यायला न्यायाधीश उभे राहिले. मावशीचा आवाज पहिल्यांदा जरासा अडखळला. "इतर सहभागी व्यक्ती. निरंक."

"इतर सहभागी व्यक्ती," शिंपीदादा म्हणाले, आणि का कोण जाणे, गरजले नाहीत. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा वाक्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात वेळेवर शिरला. त्यांनी विंगेकडे पाहिलं. "...निरंक?"

मी पडदा ओढला. तो ओढताना माझेही डोळे भरून आले होते, हसून की कशाने ते मला विचारू नका.

टाळ्या थांबायच्या आत निरीक्षकबाई अर्ज घेऊन स्टेजवर आल्या. अध्यक्ष काळ्या कोटात भिजून उभे होते. मावशी त्यांच्या मागे, विंगेत, तिपाईवरच.

"मी आत्ता पाहिलं ते काय होतं?" बाईंनी विचारलं. "अर्ज की नाटक?"

अध्यक्ष कोटाची बटणं चाचपायला लागले.

"नाटक," मागून हळू आवाज आला.

"नाटक!" अध्यक्ष म्हणाले.

"म्हणजे अर्ज अजून आलेला नाही," बाई म्हणाल्या.

"सोमवारी खरा देतो," आवाज आला.

"सोमवारी खरा देतो."

बाईंनी चष्म्यावरून विंगेकडे बघितलं. मग शेवटचं पान काढून अध्यक्षांच्या नाकासमोर धरलं. "आणि या शेवटच्या रकान्यात?"

अध्यक्ष थांबले. आम्ही सगळे थांबलो. मागून काहीच आलं नाही. त्यांनी मान जराशी मागे कलती केली, आमचा नट वाक्य मागताना करतो तशी. मावशीने कागदांची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि पेन्सिल कानामागे अडकवली. बादलीत एक थेंब पडला, तेवढाच आवाज झाला.

अध्यक्षांनी मान सरळ केली. मग त्यांनी मावशीचं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट. "प्रॉम्प्टर," ते म्हणाले, "तीस वर्षं. त्यांच्याशिवाय आम्हाला एक शब्द बोलता येत नाही."

शिंपीदादा माझ्या कानाशी लागले. "छान बोलले की! कोणी सांगितलं त्यांना?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.