ओल्या भुशातल्या बिया

रोपवाटिकेत बाबांनी आम्हा सगळ्यांचे कान उपटले ते एकाच गोष्टीवरून. पावसाळी जंगलातल्या त्या झाडाची बी कधी वाळवायची नाही. बाकीचं बियाणं वाळवून डब्यात भरा, वर्षानुवर्षं टिकेल. ही बी सुकली की मेली. झाडही हट्टी, बाबांसारखंच. मनात येईल तेव्हा फळणार. जंगलात शेवटचं एकच उरलं होतं आणि बाबा त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपायचे. आई म्हणायची, "माझी सवत आहे ती."

यंदा ते फळलं आणि लगेचच वादळात उन्मळून पडलं. त्या जातीचं जगात जे काही उरलं, ते माझ्या हातातल्या डब्यात होतं: ओल्या भुशात ठेवलेल्या मूठभर बिया. रोपवाटिकेत जाता जाता मी घरी डोकावले. हल्ली बाबांना माझं नावही आठवत नाही, पण बिया बघून त्यांचे डोळे लकाकले.

"फळलं का गं?"

डबा काही सोडेनात. मलाही तो हिसकावून घेववला नाही. कुंड्या भरून ठेवते आणि परत येते, असं आईला सांगून गेले.

दुपारी आले तर बिया गच्चीवर, रणरणत्या उन्हात, स्वच्छ पुसून ओळीने मांडलेल्या. शेजारी बाबा राखण करत बसलेले.

"ओल्या होत्या गं. कुजल्या असत्या."

शाबासकीची वाट बघत होते. खूप ओरडावंसं वाटलं. "छान केलंत," म्हणाले आणि जिन्यात जाऊन रडले.

तरी त्या घरीच कुंड्यांत पेरल्या. वेडी आशा, दुसरं काय! बाबा रोज झारीने पाणी घालायचे, वाकून बघायचे, "आज येईल" म्हणायचे. आईला ते बघवत नसे.

एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. चक्क नावाने. मी धावत गेले. त्यांनी एक बी उकरून नखाने फोडली होती. आत नुसता कोरडा भुगा. नजर मात्र पूर्वीसारखी लख्ख.

"कोणी वाळवल्या या?"

आई तोंड उघडणार तोच मी म्हणाले, "मी, बाबा."

"तू? तुला तर मी हाताला धरून शिकवलं होतं! संपवलंस तू ते झाड."

"हो, बाबा. चुकलं माझं."

आता ते पुन्हा सगळं विसरलेत. झाड, बिया, माझं नाव. फक्त मी खोलीत आले की तोंड फिरवतात. का, ते त्यांनाही सांगता येत नाही.