कागद सुटेपर्यंत

“वहिनी, दादाची गाडी उभी केलीस खरी. पण दादाला कुठे उभा करणार आहेस?”

नणंदेने हे विचारलं, तेव्हा ती दोरीवर लेकीच्या झबल्यांना चिमटे लावत होती. “तुझा दादा काय बैल आहे, कुठे बांधून ठेवायला?” असं म्हणून तिने ते बोलणं हसण्यावारी नेलं आणि उरलेले चिमटे नणंदेच्या ओंजळीत ओतले.

आता त्याच नणंदेला दिवस गेले होते. तिच्यासाठी लेकीचे तोकडे झालेले कपडे काढायला म्हणून रविवारी सकाळी वहिनी स्टुलावर चढली आणि माळ्यावरची पिशवी ओढली. पिशवी नको तेवढी जड लागली. तळाशी, लोकरीच्या टोपड्यात कोंबून वर दुपटं गुंडाळलेलं काहीतरी होतं. उलगडलं, तर नारळाएवढा धातूचा ठोकळा. तेलाचा वास आला, आणि ती स्टुलावरच बसली.

मॅग्नेटो. गाडीला ठिणगी देणारा. “मॅग्नेटो गेला,” असं नवऱ्याने सांगितलं होतं, लेक रांगायला लागली त्या सुमारास. इंग्लंडात घडलेली, त्याच्याहून वयाने मोठी मोटरसायकल. तिचे भाग काय कोपऱ्यावर मिळतात? वाईट वाटल्यासारखं करून ती आत गेली होती आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोपली होती. त्याआधी एकदाच, गाडीचा विषय काढून, न भांडता ती त्याला म्हणाली होती, “आता तू एकटा नाहीस.” तो “हो” म्हणाला होता.

तेव्हापासून नवरा दृष्ट लागावी असा वागत होता. वेळेवर घरी. कचऱ्याचा डबा न सांगता बाहेर. भाजी अळणी झाली तरी खाली मान घालून जेवायचा. पूर्वी असं झालं की मिठाचा डबाच ताटाशेजारी आणून ठेवायचा आणि वर म्हणायचा, “भाजीकडे पाहुणे आलेत.” तिला तो मिठाचा डबा हवा होता. पण असलं काही मागता येतं का कुणाकडे?

तो मागच्या पडवीत गाडी पुसत होता. चालत नसली तरी दर रविवारी पुसायचा.

“हा गेलाय ना?” तिने ठोकळा पुढे धरला.

फडकं चाकाच्या तारांत थांबलं. “कुठे सापडला?”

“टोपड्यात.”

“दमट हवा सोसत नाही त्याला.”

“मला खोटं सांगितलंस.”

तो तारा पुसत राहिला. मग म्हणाला, “या गाडीला किल्ली नसते. किक मारली की निघाली. तुला हो म्हणून बसलो होतो, आणि समोर ही अशी उभी. काढून ठेवायला दुसरं काय होतं?”

तिला रागवायचं होतं. नेमकं कुणावर, ते ठरेना.

“बसव,” ती म्हणाली.

“आता?”

“आत्ता. पोर उठायच्या आत.”

“एकट्याचं काम नाही ते. कागद धरायला कोणीतरी लागतं.”

“मी काय मेले आहे?”

तो पहिल्यांदा हसला. हत्यारांच्या डब्यातून त्याने सिगारेटच्या कागदांचं पाकीट काढलं. लग्नानंतरचं पहिलं कडाक्याचं भांडण याच पाकिटावरून झालं होतं. तो चोरून ओढतो, अशी तिची खात्री होती. ठिणगीची वेळ असल्या कागदाने जुळवतात, हे तेव्हा तिला त्याच्या आईनेही सांगून पटलं नव्हतं.

मॅग्नेटो जागेवर बसला. प्लगच्या भोकातून जुनी तार सोडून, आतला दट्ट्या किती वर आलाय ते मोजत, त्याने इंजिन हवं तिथे आणून थांबवलं. मग मॅग्नेटोच्या पोटातले दोन इवलेसे पॉइंट तिला दाखवले. एकमेकांना चिकटलेले. त्यांच्यामध्ये कागद सरकवला आणि त्याचं टोक तिच्या चिमटीत दिलं.

“मी याचा दांडा हळूहळू फिरवतो. हे दोघं उघडले की कागद सुटेल. सुटला की सांग.”

तिने कागद धरला आणि लगेच ओढला. फाटला.

“पुन्हा,” तो म्हणाला.

दुसराही फाटला. तिचं अंग घामाने भिजलं होतं. आतून लेकीची चाहूल येते का, याकडे एक कान होता.

“ओढू नकोस ना, बाई. नुसता धर. वेळ आली की तो आपणहून सुटतो.”

तिसऱ्यांदा तिने श्वास रोखला. चिमटीत केसाएवढा ताण ठेवला, बास. तो फिरवत होता, दिसेल न दिसेल इतकं. आणि कागद अलगद तिच्याकडे आला, जसा कुणी देऊन टाकावा.

“सुटला!”

त्याने नट आवळला.

पेट्रोल, प्लग, किक. चौथ्या-पाचव्या किकेला गाडी खोकली, धूर सोडला आणि धडधडायला लागली. खिडकीच्या काचा थरथरल्या. तो कान देऊन ऐकत राहिला. तिने खुंटीवरचं हेल्मेट आणून स्वतः त्याच्या हातात दिलं.

“पटकन येतो,” तो म्हणाला.

“पटकन नको.”

हे दोन शब्द काढायला तिला जेवढा जोर लागला, तेवढा त्याला किकलाही लागला नसेल.

आवाजाने लेक उठलीच. तिला कडेवर घेऊन ती फाटकाशी आली. गल्लीच्या टोकाला आवाज वळला, चढावर जरा घुमला, मग इतर गाड्यांत मिसळला. “बाबा?” लेकीने विचारलं. “येईल,” ती म्हणाली. फोन घरात होता. तो आणायला पाय निघत होते, पण ती फाटकाची कडी धरून उभी राहिली.

लग्नाच्या आधी ती त्याच्या मागे बसायची, तेव्हा पाठीला कान लावला की इंजिनाच्या खाली आणखी एक आवाज लागायचा. तो गुणगुणत असायचा, बेसूर, स्वतःलाही न कळता. आज तो कान लावायला मागे कोणी नाही. तुम्ही त्या चढाकडून येत असाल आणि सिग्नलला एखादी जुनी काळी गाडी शेजारी थांबली, तर त्याला हाक मारू नका, तिने विचारलंय म्हणून सांगू नका. काच खाली करा, आणि गुणगुणतोय का, तेवढं ऐकून या.