अकरा गाठी

शिवणकाकूंना मोजायला कागद लागत नसे. किती बटणं लावून झाली, हे त्या दोऱ्याला गाठ मारून लक्षात ठेवत. नवऱ्याचं आतड्याचं ऑपरेशन झालं आणि ही सवय दवाखान्यातही त्यांच्याबरोबर आली. सिस्टरनं ते महागडं इंजेक्शन दिलं की एक गाठ.

"वहिनी, दादाला स्वेटर विणताय की काय?" धाकटा दीर थट्टा करायचा.

नवव्या दिवशी घरी सोडायचं ठरलं आणि बिल पाहून काकूंचे डोळे पांढरे झाले. साठवलेलं सगळं आधीच भरून झालं होतं. आता उरलं होतं फक्त शिलाई मशीन. दिरानं गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं. पण मशीन गेलं की उद्यापासून चूल कशावर पेटणार?

सिस्टर सलाईन काढता काढता हळूच म्हणाली, "मावशी, तपशिलाचं बिल मागा. आणि औषधांचा तक्ताही बघायला मागा. हक्क आहे तुमचा."

दिराला ते पटेना. "ज्यांनी जीव वाचवला, त्यांच्याशी घासाघीस? भाजी घेताय का?"

"भावोजी, जीव वाचवला म्हणून मी त्यांच्या पाया पडेन. पण न टोचलेलं इंजेक्शन बिलात लावलं असेल, तर त्याच्या कशाला पडू?"

बिलाच्या खिडकीतल्या चष्मेवाल्यानं तपशील छापून दिला. त्यात ते इंजेक्शन बावीस वेळा होतं.

"अकराच दिलीत," काकू म्हणाल्या.

"कशावरून?"

काकूंनी दोरा पुढे ठेवला. चष्मेवाला हसला. "काकू, हा फायलीला लावू का पुरावा म्हणून?"

"नको. तुमचाच तक्ता लावा."

त्यानं वॉर्डातून तक्ता मागवला. सिस्टर लोकांच्या सह्या अकराच होत्या. पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी त्या औषधावर काट मारून गोळ्या लिहिल्या होत्या. चष्मेवाल्याचं हसू मावळलं.

"बंद केल्याचं खाली कळवायचंच राहिलं. कॉम्प्युटर आपला रोज तीन लावत बसला." त्यानं बिल परत स्वतःकडे ओढलं. "बसा काकू. आता सगळंच बघतो."

आणि त्यानं खरंच बघितलं. चौथ्या दिवशी रुग्णाला साध्या वॉर्डात हलवलं होतं, तरी आधीच्या स्पेशल खोलीचं भाडं आठही दिवस लागलं होतं. तेही त्यानंच शोधलं. उरलेल्या रकमेचे चार हप्ते करून घ्यायला तो स्वतः साहेबांकडे गेला. दिरानं कोपऱ्यात जाऊन फोन लावला. "हो, हो... मशीन नाही द्यायचं. माफ करा."

"साहेब, तुमचे उपकार कसे फेडू?" काकूंनी हात जोडले.

"उपकार कसले! चूक आमची होती."

काकू धापा टाकत वर गेल्या. सिस्टर दुसऱ्या खाटेवर चादर बदलत होती.

"सिस्टर, तुम्ही सांगितलंत म्हणून..."

"मी?" तिनं उशी झटकली. "मी कुठे काय बोलले?"

काकूंनी पुढे होऊन चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून ती ताणून बसवली.